वितरित डेटाबेसचा आवृत्तिबदल : त्वरा कोठे व सबुरी कोठे

भाषाविज्ञानाच्या विभागीय पत्रिकेत डेटाबेसच्या आवृत्तिबदलाविषयी लेख यावा, याचे काही वाचकांना आश्चर्य वाटण्याचा संभव आहे. परंतु बोलींच्या अभ्यासाची साधने गेल्या काही दशकांत पार पालटली आहेत. एके काळी ज्या नोंदी चिठ्ठ्यांच्या खणांत असत त्या आज संगणकावर असतात; आणि संग्रह वाढला म्हणजे एका संगणकावर न मावता तो अनेक संगणकांच्या समूहावर विभागून ठेवावा लागतो. असा समूह चालविणारी प्रणाली काही वर्षांनी जुनी होते व तिची नवी आवृत्ती बसवावी लागते. हे काम तंत्रज्ञांचे, असे समजून आपण त्याकडे पाठ फिरवितो. परंतु संग्रहात काय राहावे व काय राहू नये याचे वचन ज्यांच्याकडून नोंदी घेतल्या त्यांना आपण दिलेले असते, तंत्रज्ञांनी नव्हे.

ही गोष्ट मला ज्या प्रसंगाने कळली तो येथे सांगितला पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका बोली-संग्रहाच्या कामाशी माझा संबंध होता. एका वृद्ध निवेदिकेने आपल्या माहेरच्या बोलीत बरेच काही सांगितले होते. पुढे तिच्या कुटुंबीयांनी त्यातील एक भाग काढून टाकण्याची विनंती केली व तो रीतसर काढून टाकण्यात आला. त्याच सुमारास प्रणालीचा आवृत्तिबदल सुरू झाला, अर्ध्यावर अडला आणि तीन आठवडे तसाच राहिला. पुढे काम पुरे झाले, सर्व संगणक व्यवस्थित चालू लागले, आणि नंतर एके दिवशी तो काढून टाकलेला भाग शोधाच्या उत्तरात पुन्हा दिसू लागला. कोणी तो मुद्दाम परत घातला नव्हता. प्रणाली आपल्या नियमांप्रमाणेच वागली होती. ते नियम आम्हांला ठाऊक नव्हते. त्या नियमांचे विवेचन करणे व त्यांतून आवृत्तिबदलाची सुरक्षित रीत कशी निघते हे दाखविणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. समूहाची रचना

उदाहरणासाठी आपण ‘कॅसॅन्ड्रा’ ही प्रणाली घेऊ. ती मुळात फेसबुक या कंपनीत तयार झाली, २००८ साली सर्वांसाठी खुली करण्यात आली, आणि २०१० पासून अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या प्रमुख प्रकल्पांत तिची गणना होते. तिच्या ४.० या आवृत्तीचे प्रकाशन २०२१ साली व ५.० चे २०२४ साली झाले. ४.१ वरून ५.० वर जाणे हा आपला नमुना समजावा.

समूहातील प्रत्येक संगणकास ‘नोड’ म्हणतात. आपल्या समूहात सहा नोड असून प्रत्येक नोंदीच्या तीन प्रती तीन निरनिराळ्या नोडांवर ठेवल्या जातात, असे धरू. या समूहात कोणी प्रमुख नाही; सर्व नोड समान अधिकाराचे आहेत. मग एखादी नोंद लिहिली गेली असे केव्हा म्हणावयाचे? तेथे सभेतील गणपूर्तीचे तत्त्व लागू होते. तीनपैकी दोन नोडांनी ‘लिहिले’ असे कळविले की लेखन पुरे झाले. तीनपैकी दोघांनी उत्तर दिले की वाचन पुरे झाले. लिहिणारे दोन व वाचणारे दोन मिळून चार होतात, आणि प्रती तर तीनच आहेत. म्हणून वाचणाऱ्यांपैकी निदान एकाने अगदी अलीकडचे लेखन पाहिलेले असलेच पाहिजे.

या साध्या गणितातून आवृत्तिबदलाची पहिली सोय निष्पन्न होते. एका वेळी एकच नोड थांबविला तर प्रत्येक नोंदीच्या निदान दोन प्रती चालू राहतात, गणपूर्ती मोडत नाही व वाचकास खंड जाणवत नाही. यास्तव सगळा समूह बंद न करता एक नोड थांबवावा, त्यावर नवी आवृत्ती बसवावी, तो पुन्हा सभेत येऊन बसला की दुसरा घ्यावा, अशी रीत रूढ आहे. तिला ‘रोलिंग अपग्रेड’ म्हणतात. दोन नोड एकदम थांबविले तर ज्या नोंदींच्या दोन प्रती नेमक्या त्या दोहोंवर असतील त्यांच्यापुरती गणपूर्ती नाहीशी होते.

परंतु या रीतीची किंमतही आहे. काही काळ समूहातील काही नोड जुन्या आवृत्तीचे व काही नव्या आवृत्तीचे असतात. या स्थितीला आपण मिश्र अवस्था म्हणू.

२. कारकून आणि लिपी

आवृत्तिबदल हा एक बदल नसून दोन आहेत. एक, संग्रह चालविणारा कार्यक्रम बदलतो. दोन, तो कार्यक्रम ज्या रूपात नोंदी डिस्कवर लिहितो ते रूप बदलते. दप्तराच्या भाषेत सांगावयाचे तर कारकून बदलणे निराळे आणि दप्तराची लिपी बदलणे निराळे. मोडी आणि बालबोध या दोन्ही लिप्या जाणणारा नवा कारकून नेमला तरी दप्तर मोडीतच राहू शकते. त्याला काढून जुन्या कारकुनास परत बोलाविले तर तोही काम पुढे चालवू शकतो. परंतु नव्या कारकुनाने पहिल्याच दिवशी बालबोधीत लिहावयास आरंभ केला, आणि जुन्यास बालबोध येत नसली, तर जुना कारकून परत येऊन उपयोग नाही.

डेटाबेसमध्ये नेमके हेच घडते. कॅसॅन्ड्रा आपल्या नोंदी ‘एसएसटेबल’ नावाच्या फायलींत ठेवते. एकदा लिहिलेली अशी फाइल पुन्हा बदलली जात नाही. नवे लेखन नव्या फायलीत जाते व कालांतराने अनेक जुन्या फायली एकत्र करून एक नवी फाइल बनविली जाते. प्रत्येक फायलीच्या नावात तिच्या रूपाची दोन अक्षरी खूण असते : ४.१ ची ‘एनबी’, तर ५.० ची ‘ओए’. नवी आवृत्ती ‘एनबी’ वाचू शकते; जुनी आवृत्ती ‘ओए’ वाचू शकत नाही. शेजारच्या दोन बोलींत कधी कधी एकीचे भाषक दुसरी समजतात पण दुसरीचे भाषक पहिली समजत नाहीत, असा एकतर्फी परस्परबोध आपणांस परिचित आहे. येथील नाते त्याच जातीचे आहे, आणि परतीच्या वाटेचा सगळा प्रश्न या एकतर्फीपणातून उद्भवतो.

५.० या आवृत्तीत हे दोन बदल वेगळे ठेवण्याची सोय जाणीवपूर्वक केलेली आहे. तिच्या मांडणीच्या फायलीत साठवणुकीच्या अनुकूलतेविषयी एक निर्देश असतो व त्याची तीन मूल्ये आहेत. ‘कॅसॅन्ड्रा-४’ हे मूल्य असता कार्यक्रम नवा असूनही तो जुन्याच रूपात लिहितो. ‘अपग्रेडिंग’ हे मूल्य असता प्रत्येक नोड इतरांच्या आवृत्तीकडे लक्ष ठेवतो, आणि सर्व नोड या पायरीवर आल्याखेरीज नवे रूप वापरात येत नाही. ‘नन’ हे मूल्य दिले म्हणजे नवे रूप निरपवादपणे सुरू होते. प्रत्येक मूल्यासाठी सर्व नोड एकेक करून पुन्हा सुरू करावयाचे असतात. म्हणजे समूहास तीन फेऱ्या घालाव्या लागतात : पहिल्या फेरीत कारकून बदलतो, दुसरीत लिपी बदलण्यास सर्वांची संमती मिळते, तिसरीत जुन्या लिपीचा आधार सुटतो.

३. काळाची मर्यादा

आता त्या पुन्हा प्रकट झालेल्या नोंदीकडे वळू. वितरित संग्रहातून एखादी नोंद काढणे म्हणजे ती पुसून टाकणे नव्हे. तसे केले तर ज्या नोडास पुसण्याचा निरोप पोहोचला नाही तो ‘माझ्याकडे ही नोंद आहे’ असे म्हणेल, आणि ती नोंद नवी आहे की काढलेली आहे हे इतरांस ठरविता येणार नाही. म्हणून काढलेल्या नोंदीच्या जागी ‘टूम्बस्टोन’ नावाची खूण लिहिली जाते. थडग्यावरील शिळेप्रमाणे ‘येथील नोंद अमुक क्षणी काढली’ एवढेच ती सांगते. या खुणाही कायम ठेवता येत नाहीत, कारण त्यांनी संग्रह भरून जाईल. म्हणून एक मुदत ठरलेली असते. वेगळे सांगितले नसल्यास ती दहा दिवसांची असते. ती संपल्यानंतर फायली एकत्र करण्याच्या ओघात खूण नष्ट होऊ शकते.

दहा दिवसांत ती खूण तिन्ही प्रतींपर्यंत पोहोचेल, अशी येथे अपेक्षा असते. एखादा नोड थोडा वेळ बंद असेल तर इतर नोड त्याच्यासाठी निरोप राखून ठेवतात; परंतु हे निरोप साधारणतः तीन तासांपर्यंतच्या लेखनाचे राखले जातात, त्यापुढचे नाहीत. त्याहून अधिक वेळ बंद राहिलेल्या नोडाच्या उणिवा भरून काढण्यासाठी ‘रिपेअर’ नावाची क्रिया असते; तीत तिन्ही प्रती ताडून पाहून फरक मिटविले जातात. मात्र मिश्र अवस्थेत रिपेअर करू नये असा दंडक आहे, कारण त्या क्रियेत एका नोडावरील मजकूर मोठ्या प्रमाणावर दुसऱ्याकडे पाठवावा लागतो आणि भिन्न आवृत्त्यांमध्ये ही देवघेव भरवशाची नसते.

आमच्या संग्रहात काय झाले हे यावरून स्पष्ट होईल. नोंद काढली त्या वेळी तिसरी प्रत ठेवणारा नोड बंद होता व तो तीन तासांहून अधिक काळ बंद राहिला. खुणेचा निरोप त्यास मिळाला नाही. आवृत्तिबदल अर्ध्यावर अडल्यामुळे तीन आठवडे रिपेअर झाले नाही. त्या अवधीत ती नोंद कोणी वाचावयासही मागितली नाही, नाही तर वाचनाच्या वेळी फरक उघड होण्याचा संभव होता. दहा दिवस उलटल्यावर दोन नोडांवरील खुणा नष्ट झाल्या. पुढे रिपेअर झाले तेव्हा तिसऱ्या नोडाजवळ नोंद होती व इतर दोघांजवळ काहीच नव्हते, खूणही नव्हती. त्यामुळे ती नोंद इतरांकडे राहून गेली असे समजून प्रणालीने ती सर्वांना देऊन टाकली.

यावरून मिश्र अवस्थेस किती काळ द्यावा याचा हिशेब मांडता येतो. एका रिपेअरचा आरंभ आणि पुढच्या रिपेअरची समाप्ती यांत दहा दिवसांपेक्षा कमी अंतर हवे. संपूर्ण समूहाच्या रिपेअरला दोन दिवस लागत असतील तर आधीचे दोन व नंतरचे दोन वजा जाता सहा दिवस उरतात. सहा नोडांच्या समूहास ते पुरेसे आहेत. परंतु त्यांत अडून बसण्यास जागा नाही. अधिक अवधी लागेल अशी शंका असल्यास ही मुदत काम सुरू होण्यापूर्वीच वाढवून ठेवावी. मागाहून ती वाढविता येणार नाही, कारण मुदत बदलणे हा तक्त्याच्या रचनेतील बदल होय, आणि मिश्र अवस्थेत तक्ते निर्माण करणे, बदलणे वा काढणे वर्ज्य असते.

४. पूर्वतयारी

पहिली गोष्ट म्हणजे मार्ग निश्चित करणे. ३.११ वरून एकदम ५.० वर उडी घेता येत नाही, मध्ये ४.० किंवा ४.१ चा मुक्काम करावा लागतो. ही प्रणाली जावा या भाषेच्या आधारावर चालते : ४.१ ला जावा ८ अथवा ११ चालते, तर ५.० ला ११ अथवा १७ लागते. तेव्हा समूह जावा ८ वर असल्यास प्रथम ११ वर न्यावा, काही दिवस पाहावे, व मग आवृत्ती बदलावी. दोन बदल एकाच दिवशी केले आणि काही बिघडले, तर दोष कोणाचा हे सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट स्नॅपशॉटची. त्याने त्या क्षणीच्या सर्व फायली राखून ठेवल्या जातात. परंतु स्नॅपशॉट ही खरी नक्कल नव्हे. त्याच डिस्कवरील त्याच फायलींना दिलेले ते दुसरे नाव होय. डिस्क गेली तर स्नॅपशॉटही गेला. म्हणून तो अन्यत्र उतरवून घेणे अवश्य आहे. शिवाय, पुढे फायली नव्या रूपात लिहिल्या गेल्या तरी स्नॅपशॉट असेतोवर जुन्या फायलींची जागा मोकळी होत नाही. त्या वेळी डिस्कवर जवळजवळ दुप्पट जागा लागू शकते.

तिसरी गोष्ट तालमीची. तीन लहान संगणकांवर जुनी आवृत्ती बसवून, खऱ्या संग्रहातील थोड्या नोंदी घालून, पुढे जाण्याची व परत येण्याचीही तालीम करावी. परत येण्याची तालीम बहुधा कोणी करीत नाही. वास्तविक तीच अधिक महत्त्वाची आहे.

चौथी गोष्ट आपल्या विषयाशी निगडित आहे. बदलापूर्वी व बदलानंतर ताडून पाहण्यासाठी निवडक नोंदींची यादी तयार ठेवावी व ती भाषेच्या अभ्यासकानेच करावी. ‘आचार्याला’ व ‘आचाऱ्याला’ यांतील भेद मराठी वाचकास सांगावयास नको. पहिला शब्द आचार्याचा, दुसरा स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्याचा. या दुसऱ्या शब्दातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो : एक ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षरास हलन्त जोडून, दुसरा ‘र’ व हलन्त यांपुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवून. डेटाबेस आपल्याजवळचे संकेत बदलीत नाही. परंतु त्यात नोंदी घालणारे व त्यातून काढणारे साहाय्यक कार्यक्रम अशा वेळी बहुधा बदलले जातात, आणि एखाद्याने ते अदृश्य चिन्ह गाळले तर आचाऱ्याचा आचार्य होतो. अशा दोनशे नोंदी निवडून त्यांचे संकेत आधी व नंतर अक्षरशः जुळतात की नाही हे पाहणे एका दुपारचे काम आहे.

५. एका नोडाची हकीकत

तयारी झाली, रिपेअर पुरे झाले, सर्व नोड एकाच तक्तारचनेवर एकमत आहेत हे पाहिले, की पहिला नोड घ्यावा. प्रथम ‘ड्रेन’ ही आज्ञा द्यावी. तिने तो नोड नवे लेखन घेणे थांबवितो व स्मृतीत असलेले सर्व काही फायलींत उतरवितो. त्यामुळे अर्धवट लेखन नव्या आवृत्तीने जुन्या रोजनाम्यातून वाचण्याचा प्रसंग येत नाही. मग कार्यक्रम थांबवावा, नवी आवृत्ती बसवावी, आणि मांडणीची जुनी फाइल जशीच्या तशी न उचलता नव्या फायलीत आपले बदल एकेक करून उतरवावेत. अनुकूलतेचे मूल्य ‘कॅसॅन्ड्रा-४’ आहे याची खात्री करूनच नोड सुरू करावा.

नोड सुरू झाला म्हणजे काम झाले असे नव्हे. समूहाच्या स्थितीत तो चालू व नियमित असा दिसला पाहिजे. इतर नोडांनाही तो तसाच दिसला पाहिजे. त्याच्या रोजनाम्यात दोषाची नोंद नसावी. आणि आपल्या यादीतील नोंदी त्याने बरोबर दिल्या पाहिजेत. पहिल्या नोडानंतर एक दिवस थांबून पाहणे इष्ट आहे. त्यानंतर मात्र रेंगाळू नये. प्रत्येक नोड तीन तासांच्या बराच आत परत आला पाहिजे. एखादा अडलाच आणि दोष लवकर सापडण्याची चिन्हे नसली, तर त्यावर जुनी आवृत्ती पुन्हा बसवावी. तो अजून जुन्याच लिपीत लिहीत असल्यामुळे हे शक्य असते. दोन-तीन नोड नवे करून ‘उरलेले पुढच्या महिन्यात पाहू’ असे म्हणणे हा मात्र सर्वांत वाईट निर्णय होय.

सहाही नोड नव्या आवृत्तीवर आले की मिश्र अवस्था संपते. लगेच रिपेअर करावे. दहा दिवसांचे घड्याळ येथे पुन्हा आरंभापासून चालू होते.

६. लिपी केव्हा बदलावी

या टप्प्यावर बहुतेकांची घाई सुरू होते. नवा कार्यक्रम चालू झाला, तेव्हा नवे रूपही आजच आणून काम संपवावे असे वाटते. परंतु येथे घाई करण्याचे काहीच कारण नाही. सर्व नोड नव्या आवृत्तीचे आहेत, रिपेअर चालू आहे, आणि नोंदी अजून जुन्या रूपात असल्यामुळे परतीची वाट खुली आहे. कित्येक दोष पहिल्या दिवशी दिसत नाहीत. वर्षातून दोनदा चालणारा एखादा मोठा शोध वा महिनाअखेरीचा अहवाल चालला म्हणजे ते दिसतात. तेव्हा संग्रहाच्या नेहमीच्या कामाचे एक आवर्तन पुरे होईपर्यंत थांबावे. नवी वैशिष्ट्ये या काळात वापरू नयेत. ती वापरली की परतीची वाट अरुंद होते.

मग जुन्याच रूपात कायम का राहू नये? तसे राहिल्यास नव्या आवृत्तीचा लाभ पुरता मिळत नाही. याचे एक उदाहरण आपल्या कामाचे आहे. नोंद अमुक दिवशी आपोआप नष्ट व्हावी, असे या प्रणालीत सांगता येते. परंतु जुन्या रूपात १९ जानेवारी २०३८ च्या पुढची तारीख मावत नाही. नव्या रूपात ती मर्यादा फेब्रुवारी २१०६ पर्यंत जाते. ‘वीस वर्षांनी ही ध्वनिफीत नष्ट करावी’ अशी अट एखाद्या निवेदकाने घातली, तर जुने रूप ती आज पाळू शकत नाही. शिवाय मोडी दप्तरांचा अनुभव आपल्यापुढे आहेच : लिप्यंतर पिढ्यान्‌पिढ्या लांबणीवर पडले म्हणजे वाचणारे दुर्मिळ होतात.

यास्तव, खात्री पटल्यानंतर ‘अपग्रेडिंग’ची फेरी करावी, सर्व ठीक दिसल्यावर ‘नन’ची करावी, आणि शेवटी जुन्या फायली नव्या रूपात लिहून घेण्याची आज्ञा एकेका नोडास द्यावी. नवे रूप वापरात आले की परत जाण्यास जुन्या स्नॅपशॉटखेरीज मार्ग उरत नाही, आणि स्नॅपशॉटनंतरचे लेखन तेथे नसते. म्हणून दुसऱ्या फेरीची तारीख संग्रहाची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांनी ठरवावी, तंत्रज्ञांवर सोडू नये.

सारांश, आवृत्तिबदलात दोन कालखंड असतात व त्यांचे स्वभाव परस्परविरुद्ध असतात. मिश्र अवस्थेत त्वरा हवी, कारण तेथे घड्याळ चालू असते. नव्या कार्यक्रमाने जुन्या लिपीत लिहिण्याच्या काळात सबुरी हवी, कारण तेथे परतीची वाट खुली असते. आम्ही याच्या उलट वागलो : जेथे धावावयास हवे होते तेथे तीन आठवडे बसून राहिलो. त्या निवेदिकेचा मजकूर आम्ही पुन्हा काढला, तिन्ही प्रतींवर त्याची खूण पोहोचल्याची खात्री केली आणि तिच्या कुटुंबीयांना घडलेली हकीकत पत्राने कळविली. त्यांचे उत्तर सौजन्याचे होते. परंतु पुन्हा तसे पत्र लिहावे लागू नये, एवढ्यासाठी तरी आपल्या विभागातील प्रत्येक संशोधकास हा हिशेब मांडता आला पाहिजे.